एकाच फाइलकडे लावलेला बाण

सर, तुमची शब्दांची यादी माझ्या हातून पुसली गेली होती. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. लिहून काही वाटत नाही. बोटं चालतात, एवढंच.

मूल गावातला तुमचा कॉम्प्युटर क्लास. किराणा दुकानाच्या वरची खोली, सहा जुनी मशीन, त्यातल्या दोनांचेच माउस धड. "माउस नसला त का अडते? हुकूम लिहा," म्हणून तुम्ही आम्हाला काळ्या पडद्यासमोर बसवलं. हुकमाचं उत्तर पडद्यावर न येता फाइलमध्ये जायला हवं असेल तर बाणाची खूण, >. बाण उलटा केला, <, की फाइलमधलं हुकमाकडे येतं. कुणाच्या डोक्यात शिरेना, तेव्हा तुम्ही सगळ्यांना राइस मिलमध्ये नेलंत. वरून धान ओतलं जात होतं, एका तोंडातून तांदूळ पडत होता, दुसऱ्यातून कोंडा. "कोणतं तोंड कुठी लावाचं, तेवढंच शिकाचं हाये," तुम्ही मिलच्या आवाजावर ओरडलात. आठवड्याभरातच मी हजेरीच्या फाइलवर एक बाण मारला आणि महिन्याची हजेरी जाऊन एका दिवसाची उरली. "डोकं कुठी ठेवून आली व पोरी? एक बाण आधीचं पुसते, दोन बाण खाली जोडते!" सगळ्यांदेखत बोललात. मला खूप राग आला होता.

पुढे तुमची नजर गेली. सावली गावापासून आरमोरीपर्यंत ऐकलेले बोलीतले शब्द तुम्ही डोक्यातच साठवले होते, कागदावर काही नव्हतं. दर रविवारी मी तुमच्या ओसरीत लॅपटॉप घेऊन बसायचे. तुम्ही सांगता, मी टाइप करते. धुरा म्हणजे शेताचा बांध. बोडी म्हणजे लहान तळं. असे दोन पावसाळे गेले. मग एका दुपारी मी यादी अकारविल्हे लावायला घेतली: सॉर्टचा हुकूम, फाइलचं नाव, बाण, आणि पुन्हा त्याच फाइलचं नाव. शेल, म्हणजे हुकूम वाचणारा प्रोग्राम, आधी बाणासमोरची फाइल रिकामी करतो, मग हुकूम चालवतो. त्यामुळे लावायला काही उरलंच नाही. प्रत ठेवली नव्हती. तुम्ही बाजूच्या खाटेवर, आजारी.

"झाली का व यादी?"

"झाली, सर."

"मंग वाच."

मी वाचलं. कोऱ्या पडद्याकडे बघत, आठवतील ते शब्द, एका सुरात. अडले तिथे माझ्या आईच्या तोंडचा शब्द घातला: सांदवाडी, घरामागची मोकळी जागा. तुम्ही मान वळवलीत. "हा मी सांगतलो नाई." "मी जोडला, सर." तुम्ही मान पुन्हा सरळ केलीत. मग म्हणालात, "बरं केलं. राहूनच गेला होता." पंधरा दिवसांनी तुम्ही गेलात. मी रडले नाही. आल्यागेल्यांचे चहाचे कप विसळत होते, तेवढं आठवतं.

नंतर मी यादी पुन्हा लिहिली. आठवली तेवढी आठवली, बाकीची आईला विचारून, काही ठिकाणी अर्थ अंदाजाने. तुमच्या मुलाने ती छापली, वर तुमचा फोटो टाकला. मी त्याला काही सांगितलं नाही. आता चंद्रपूरच्या एका ऑफिसात मी सर्व्हर सांभाळते. रोज सगळ्या फाइलींच्या प्रती काढणं हे माझं काम, आणि ते मी चोख करते. परवा तुमच्या मुलाकडून माझा नंबर घेऊन आरमोरीहून एका बाईंनी फोन केला. "सरनं आमच्या गावाचे बोल राखले, नाई त कोण राखते?" त्या बोलता बोलता रडायला लागल्या. मी हो हो म्हणत राहिले.

हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. फोन ठेवल्यावर मी छापील यादी काढली, पेन घेतलं. तुम्ही स्वतः सांगितलेले शब्द होते तेवढ्यांवर खूण करायची, असं ठरवलं. तिसऱ्या पानावर थांबले. सर, त्यातले कोणते तुमचे, ते मला आता ओळखू येत नाहीत.