ताईचा मोर्च्यातला फोटो

मंगळवार, संध्याकाळ. साखरशेत.

ताईचं नाव हायकोर्टाच्या न्यायाधीशपदासाठी दिल्लीला गेलंय. नाव गेलं की सरकारची माणसं गुपचूप चौकशी करतात, हे तिनेच मला बजावलं होतं. "घरी कोणी आलं तर विचारतील तेवढंच सांग."

आज मी शाळेत शिकवून घरी आलो तर एक साधासा माणूस ओट्यावर बसलेला. ताईबद्दल विचारू लागला. मी चहा दिला आणि फुशारकीत भिंतीवरचा फोटोच काढून त्याच्या हातात ठेवला. जव्हारच्या तहसील कचेरीसमोर वनजमिनीचा मोर्चा, सगळ्यांत पुढे ताई, मूठ वर केलेली. तिच्या वकिलीचं पहिलं वर्ष. त्याने मोबाईलवर त्या फोटोचा फोटो काढला. चहा तसाच ठेवून गेला.

का दाखवला मी? एवढ्या एका मुठीवरून नाव अडतं का? अडलं तर कारणही कोणी सांगत नाही म्हणे, वर्षं निघून जातात.

आई म्हणते, "बरा होता रं माणूस. पोरीचा फोटू कौतुकानं घेऊन गेला."

तो गेल्यावर मी फोटो तांदळाच्या कणगीत खुपसला. का, ते मलाही माहीत नाही. ती मूठ तर त्याच्या खिशात गेली.

मघाशी ताईचा फोन आला. "कोणी आलं होतं का रे?"

"नाही," म्हणालो. नजर भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्यावर.

लपवण्यासारखं आमच्या घरात आजवर काही नव्हतं. आता आहे.