कोण हवंय?

४ सप्टेंबर
आमच्या गावच्या हॉस्पिटलात मानसोपचार विभागात खाट रिकामी नाही म्हणून इथे पाठवलं — बसने अख्खा दिवस! एवढ्या लांब कोण भेटायला येणार? लेक पहिलीत. नवऱ्याला रजा नाही. भिंतीकडे तोंड करून पडून आहे.

६ सप्टेंबर
मोबाईल जमा करून घेतले. वॉर्डात भिंतीवर एकच फोन. वाजला की समोरच्या खाटेवरची आजी अनवाणीच धावते. "कोण हवंय?" मग पोर बरी आहे का, भाजी कसली केली — सगळ्या चौकशा झाल्या की मला हाक. चोंबडी कुठली!
लेक "आई?" म्हणाली आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. ठेवून दिला.

७ सप्टेंबर
आजही तेच. पोरीला वाटत असेल, आई रागावली.

११ सप्टेंबर
आज फोन ठेवायला गेले तर आजीने हातातून हिसकावलाच. "अगं, आई माझ्या शेजारीच बसलीय. ऐकतेय. बोल तू." रिसीव्हर दोघींच्या कानांच्या मधोमध धरला. लेक सुटलीच — पडलेला दात, बाबांनी करपवलेला भात, बाईंनी दिलेली शाबासकी. मी नुसती रडत होते. कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

१९ सप्टेंबर
आता मीही बोलते. पण लेक आधी "फोनआजी"ला मागते! जळले थोडी, खोटं कशाला बोलू?
नर्सला विचारलं, आजीला कोणाचा फोन येतो? म्हणाली, "मी आल्यापासून तरी कुणाचा नाही. तरी रोज धावतात." जेवण गेलं नाही आज.

२६ सप्टेंबर
गावाकडे खाट मिळाली! लेकीला भेटता येणार! आजीला सांगितलं तर तोंडावर पांघरूण ओढून म्हणते, "जा बाई. सुंठीवाचून खोकला गेला."

२७ सप्टेंबर
गाडी दारात उभी आणि नेमका फोन वाजला. आजी तिकडे पळाली. नीट निरोपही घेता आला नाही. वाटभर तेच डोक्यात.

२ ऑक्टोबर
लेक आली. मांडीवरून उतरेना! नवरा म्हणाला, "सुटलो एकदाचे त्या फोनातून." लेक म्हणाली, "आणि फोनआजी?"
त्याच्या मोबाईलवरून लावला. लगेच उचलला.
"कोण हवंय?"
"तुम्हीच."
पलीकडे चकार शब्द नाही. आजी, आणि गप्प! मी म्हटलं, "लेक माझ्या शेजारीच बसलीय. ऐकतेय. बोला तुम्ही."