‘वाचा शाबूत’ हा शेरा रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
शिक्षक आरोग्य पडताळणी समिती,
लातूर.

विषय : माझे पती शेख मुज्तबा शेख फारूक, जीवशास्त्र शिक्षक, यांच्या अहवालातील ‘वाचा शाबूत, गिळणे निर्दोष’ हा शेरा काढून फेरतपासणी करणेबाबत.

संदर्भ : आपला दि. २७ जूनचा अहवाल व त्यावरून संस्थेने काढलेला रुजू होण्याचा आदेश.

महोदय,

सविनय कळविते की, माझी मुलगी बुशरा झोपली की मी लिहिते आणि ती उठली की थांबते, म्हणून या अर्जाची शाई दोन रंगांची आहे. त्यावरून तो फेटाळू नये.

१. मार्चमध्ये माझ्या पतींच्या मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला. कपाळामागचा जो भाग शब्द जुळवून जिभेला हुकूम देतो, तो निकामी झाला. उजवा हात गेला. समोरच्याचे बोलणे त्यांना बहुतेक समजते, काय म्हणायचे तेही ठाऊक असते, शब्द तेवढा येत नाही. पाणी हवे असले की ते माझ्या ओढणीचे टोक ओढतात.

२. तपासणीच्या दिवशी आपले लिपिक श्री. रेणुकादास यांनी दारातच “सलाम आलेकुम, सर!” केले. पती स्वच्छ म्हणाले, “वालेकुम सलाम.” “खैरियत?” “अल्हम्दुलिल्ला.” तेवढ्यावर आपण लिहायला घेतले. लहानपणापासून जिभेवर बसलेले सलाम, दुवा, पाढे अशा दुखण्यातही पुष्कळदा टिकतात, कारण त्यांना नवे वाक्य जुळवावे लागत नाही. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी हे लेखी दिले होते. आपण तो कागद उलटा करून त्यावर पेन चालते का ते पाहिलेत. मी म्हणाले, “साहेब, त्यांना मुलीचे नाव विचारा.” आपण म्हणालात, “ताई, पेशंटला घाबरवू नका.” बुशरा दोन वर्षांची आहे. रोज त्यांच्या मांडीवर चढून “अब्बा, बुशरा बोलो” म्हणते. ते तिच्या केसांवरून डावा हात फिरवत राहतात.

३. मग चहा आला. गिळण्याचा मेळ बिघडल्यामुळे पातळ पदार्थ त्यांच्या श्वासनलिकेत उतरतो, म्हणून सगळे घट्ट करूनच द्यावे लागते. हे मी सांगितले. श्री. रेणुकादास म्हणाले, “भाभी, आमच्या दारात आलेला माणूस कोरडा जात नसतो.” पतींना नाही म्हणता येत नाही, आणि म्हणता आले असते तरी ते म्हणाले नसते. त्यांनी कप रिकामा केला. ठसका लागला नाही, म्हणून आपण ‘गिळणे निर्दोष’ लिहिलेत. तो चहा कुठे गेला, ते छातीच्या सोबतच्या फोटोत दिसते. आठवडाभर दवाखान्यात होते. आपल्या पाहुणचाराबद्दल आम्ही ऋणी आहोत.

४. भूकंपात माझ्या सासऱ्यांच्या औशाच्या घराची एक भिंत अशीच वरून शाबूत दिसत उभी होती. त्यांनी बोट लावले आणि ती बसली. आपण बोटसुद्धा लावले नाहीत. सासूबाई रहमतबी विचारतात, “मेरे बच्चे का तो आधाच भेजा बंद पड्या, इन लोगां का पूरा चालू है क्या?” हा प्रश्न त्यांचा आहे, मी फक्त पोचविते.

५. अहवालाविरुद्ध मी तक्रार घेऊन आले, तर आपल्या कार्यालयाने सांगितले, “बायकोचे चालत नाही. सरांनी स्वतः येऊन तोंडी सांगावे, की मला बोलता येत नाही.” हा नियम लेखी मिळावा. बोलता येणाऱ्यांनी केलेला आहे, जपून ठेवीन.

६. सोमवार, दि. २१ रोजी रुजू न झाल्यास त्यांची नोकरी संपेल. खिडकीखालून सीईटीच्या क्लासची पोरे धडे घोकत जातात. कोणी चुकले की पती दचकून मान वर करतात, ओठ हलतात, आणि पुन्हा मान खाली जाते. त्यांना प्रयोगशाळेत न बोलता करण्याचे काम मिळू शकते, संस्था तयार आहे. आड येतो तो आपला एक शेरा : वाचा शाबूत, म्हणजे वर्गातच शिकवावे.

तो निघाला नाही, तर सोमवारी मुलगी कडेवर घेऊन मी त्यांना वर्गात नेऊन खुर्चीवर बसवीन. बारावीचा मेंदूचा धडा आहे. आपण पहिल्या बाकावर बसावे, वही आणावी, आणि ते शिकवतील ते शब्दशः उतरवून खाली सही करावी.

अजून तरी नम्र,
लुबना मुज्तबा शेख
लातूर, दि. १६ जुलै २००३

सोबत : १) मेंदूच्या स्कॅनची प्रत २) छातीचा फोटो ३) वाचा-उपचाराचा कागद, नवी प्रत ४) पतींच्या डाव्या अंगठ्याचा ठसा