पाच कॉम्प्युटरवर मी एकटीच

सौ. मंजुषावहिनींना जयपूरहून तुमच्या नणंदेचा, कस्तुरीचा नमस्कार.

गुडघा कसा आहे? दादा अन् पोरं बरी असतील. आम्ही ठीक. हे सोनं गाळायच्या दुकानात जातात, अवनी पहिलीत (हिंदी फाडफाड बोलते, मराठीत विचारलं की नुसती मान हलवते). फोनवर सांगितलं असतं, पण हे शेजारी बसून सगळं ऐकतात, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय.

तर अवनीच्या शाळेत या सोमवारपासून आयांसाठी कॉम्प्युटरचा क्लास निघालाय. पास होईल तिला शाळेच्याच ऑफिसात हजेरी भरायला घेणार. मला ते काम पाहिजे, वहिनी. परक्या गावात पोरगी नजरेआड झाली की माझा जीव थाऱ्यावर नसतो. पण ते कॉम्प्युटर! बटण दाबल्यावर माझी वाटीभर मटकी निवडून होते, तेव्हा कुठं पडदा उजळतो (शेजारची विमल स्वेटर विणायला आणते, एक बाही झाली). वर त्यातल्या टायपिंगच्या प्रोग्रामचं लायसन दहाच जणींचं. आम्हीही दहाच. तरी मंगळवारी प्रोग्राम एकीला म्हणाला जागा नाही, बुधवारी दोघींना, आज शुक्रवारी तर चौघी बाहेर. मी सगळ्यांच्या आधी जाते म्हणून मला जागा मिळायची, अन् मी बाहेरच्यांची कीव करत बसायची.

आज कळलं ते ऐका. प्रोग्राम बंद करताना तो विचारतो, ‘जाना है?’ खाली हाँ अन् नहीं. आता लग्नानंतर एसटीत चढताना मी ‘जाते’ म्हणाले, तेव्हा पायरीवरून खाली ओढून ‘येते म्हण’ असं कुणी म्हणायला लावलं? तुम्हीच. मग लेकुरवाळी बाई मी, रोज नहीं दाबलं. विमल म्हणाली, ‘अरी, हाँ दबाया कर, नहीं से तेरी जगह रुकी रहती है.’ अन् मी रोज वेगळ्या कॉम्प्युटरवर! म्हणजे पाच जागा मीच अडवून बसलेय. उद्या मेकॅनिक रणजितभैया यादी बघणार, त्यात माझं नाव पाचदा. क्लासच्या सरांनी काढून टाकलं तर?

दादांना नमस्कार, पोरांना पापा.

तुमची कस्तुरी

ता. क. शनिवार. फोटो पाठवायचा राहिला होता. सकाळी रणजितभैयाच्या आधी पोचले अन् पाची ठिकाणी हाँ दाबलं, दर वेळी तोंडानं ‘येते’ म्हणत. सगळ्या आत बसल्या. सर रणजितभैयाच्या हाताला गुण आहे म्हणाले (तो तेव्हा चहा पीत होता). विमलनं मला ऐकलं वाटतं. सुटताना तिनंही ‘येते’ म्हणून बटण दाबलं, अन् तिचं बघून सगळ्यांनीच.

आणखी एक, खरं काम हेच. सोमवारी परीक्षा. हाँ दाबल्याशिवाय पेपर जमा होत नाही. त्या दिवशी माझं एकटीचं ‘येते’ पुरायचं नाही, मला तिथं परत यायचंच आहे. बारा वाजता, हाँ दाबायच्या आधी, फोन करीन. पेपर कसा गेला विचारू नका, गुडघ्याचं नंतर सांगा. फक्त ‘ये हं’ म्हणा अन् ठेवा.