आजाच्या पानावरची खरपुडी

बिरोबावाडी, २४/८/२०२५
चि. संस्कृतीस अ. आ.

फोनवर नुसतं हं-हं करतीस, म्हणून कागद धाडतीया. धनगराची नात मेंढरं सोडून डोंगरावर खरपुड्या मोजतीया, झाडागणिक नंबराचा बिल्ला बांधतीया, बघून वाडी हसली. बिरुदेवकाका म्हणला, हजेरीबी घे म्हणावं.

मला मातूर तुजा आजा आठवला. लगीन झालं त्या साली खरपुडीचं कंदिलागत फूल दिसलं, तर त्यानं काठीनं उकरून खालचा कवळा गड्डा काढला, धोतराला पुसून मला दिला. दुधागत गोड! पुडं दर साली एक आणायचा. साडी कवा आणली न्हाय, चिकट मेला.

जेवत जा. वाळलीस तर तुलाच बिल्ला बांधावा लागंल.

तुजी आजी
तानाबाई

सोलापूर, ३/९/२०२५
ती. आजीस सा. न.

हस खुशाल. पण ही खरपुडी जगात फक्त आपल्याच डोंगरावर आहे. एकसष्ट झाडं मोजली, सगळी म्हातारी. सहा वर्षांच्या आतलं एकही नाही. म्हातारी गेली की वंश संपला. आमचे कॉलेजातले सर म्हणतात, रोपं मेंढरांनी तुडवली. माझा अहवाल गेला की वनखातं डोंगर चराईला बंद करणार. काकाची दोनशे मेंढरं कुठं जातील? मला लिहवत नाही. आजोबांच्या वेळी लहान रोपं होती का, आठवून कळव.

तुझ्या मायेची,
संस्कृती

बिरोबावाडी, १७/९/२०२५
चि. संस्कृतीस अ. आ.

अहवाल थांबीव, आदी ह्ये वाच. मेंढरं तितं माज्या सासऱ्याच्या आदीपासनं चरत्यात, आन कवळी रोपं लई हुती.

आजा जाऊन सहा वरसं झाली. दर पितराला त्याच्या पानावर मी खरपुडी वाढती. त्यो एकच आणायचा. मी टोपलीभर, पाव्हण्यांनाबी नगं का? आन कवळीच उकरायची, जून गड्डा कडू लागतो. तुजी रोपं मेंढरांनी न्हाय तुडवली, बाय. तुज्या आजीनं आजाला चारली.

सरांना माजं नाव लिहून दे. लाज वाटतीया, पर माज्यापायी बिरुदेवाची मेंढरं उपाशी नगंत.

काल पितर घातलं. पानावर खरपुडी वाढली न्हाय. त्यास्नी सांगितलं, आता ती तुमच्या एकट्याची न्हाय, जगाची हाय. तर कावळा लगीच शिवला की! इतका समजूतदार त्यो जित्तेपणी कवाच नव्हता. मला वाटतंय, कावळा दुसऱ्याच कुणाचा असावा.

रागाव, पर माया आटवू नगंस.

तुजी आजी