हळदीतला नवरा

मळवली,
गुरुवार, १६ जानेवारी २०२५

न्हाई गं बाया, फोन बिघडला न्हाई माजा. मीच उचलत न्हाई. रतनचा रामराम घे आदी, मग काय रागवायचं ते रागव.

फोनवर बोलले की तुजी सून समीक्षा ते रेकॉर्ड करनार अन् खाली हसरी तोंडं चिटकवून गावभर सोडनार. म्हनून ही चिट्ठी. बजरंग दूधवाला तुमच्या आंदर मावळात रोज येतोच, त्याच्या हाती धाडते. चौथीपोतर शिकलेली बाई हाय मी, काना-मात्रा चुकला तर हसू नको.

घरची समदी खुशाल आसतील. समीक्षाला सातवा लागला, आयकून बरं वाटलं. तिला म्हनावं, आता पटका बांदून उड्या मारू नको, न्हाईतर पोर मिशी घिऊनच जलमाला यील.

माजं हितं बरं चाललंय. बंगल्याची झाडलोट, बागंला पानी, अन् शनवारी पावन्यांपुडं सोंग. व्हय, सोंग. तुला कवा सांगितलंच न्हाई. पयल्या दिशी मालकीन म्हनली, "रतनताई, काहीतरी गावाकडचं करून दाखवा ना." मी म्हनलं, "गावाकडचं म्हंजी काय, शेनानं सारवून दाखवू?" लय हसली. मग मी काजळानं मिशी काडली, पटका बांदला. पन नुसता नवरा काय करनार? बायको पायजे. पावन्यांतलाच एक जाडजूड बाप्या उटवला, त्याच्या डोस्क्यावर टावेलाचा पदर टाकला अन् वराडले, "आगं ए, च्या केलास का काडा केलास?" त्याची खरी बायको हसून हसून खुर्चीवरनं खाली आली. आता लोनावळ्याच्या आनखी दोन बंगल्यांतनं बलावनं येतं. हितं कुनी इचारत न्हाई, बाई, तुजं कुक्कू कुटं हाय.

आता तुज्या निरोपाचं. ऐतवारी तू फोनात भरून धाडलेला आवाज आयकला. "रतने, तळेगावच्या मंडळानं येत्या ऐतवारी आपलं सोंग ठेवलंय. मोटं स्टेज हाय. समीक्षाला जमनार न्हाई. तू नवरा हो, पयल्यावानी."

पयल्यावानी! चारदा आयकलं मी ते.

पयलं कसं व्हतं, ध्येनात हाय का तुज्या? बावीस वरसं आपन गावोगावच्या हळदीत सोंग काडलं. मी नवरा, तू बायको. नवरीची आय रडाया लागली की बायका आपल्याला पुडं ढकलायच्या, अन् ती माऊली डोळं पुसता पुसता हसायची. माजा दत्तोबा मांडवाच्या खांबाला टेकून बघायचा. मी त्याचीच चाल करायची. घाटात रेल्वेच्या कामावर पाय मोडल्यावर त्यो डावा पाय वडत चालायचा, तश्शी. घरी येताना म्हनायचा, "नक्कल माजी, अन् टाळ्या हिला!"

त्यो गेला, तवापासनं हळदीत माजं पाऊल बंद. नवरा न्हाई त्या बाईला हळदीच्या मांडवात घेत न्हाईत. बाकीच्यांनी बलावलं न्हाई, त्याचं मला काय वाटलं न्हाई. लोकाचा मांडव, लोकाची रीत. पन तुज्या उमेशच्या हळदीला? तू बाळंतीन व्हतीस तवा त्या उमेशला पायावर घिऊन मी न्हाऊ घातलंय. तू माज्या दारात आलीस, आत बी आली न्हाईस. म्हनलीस, "रतने, तू लग्नाला जेवाया ये गं. हळदीला नको, लोक नावं ठेवत्याल."

मी म्हनलं, "बरं बाई, मला जिलबी तेवडी जास्त वाढ." तू हसलीस. सुटल्यावानी हसलीस.

मी जेवाया आले न्हाई. पोटात दुखतंय म्हनून निरोप धाडला. पोटात काय बी दुखत न्हवतं. आदल्या सांच्याला मी तुज्या गोट्यामागं उबी व्हते. मिशी काडून आलते. वाटलं, ऐन वक्ताला नवरा लागंल, अन् तू म्हनशील, जा गं कुनीतरी, रतनला आना. तर तुज्या भनीनं पटका बांदला. माजीच वाक्यं बोलली. माज्या मान्सावानी पाय वडला, त्यो बी उजवा! तरी मांडव हसला. तू बी हसलीस, माज्यासंगं हसायचीस तश्शीच. मी गुरांच्या हौदावर तोंड धुतलं अन् घरी गेले.

माजा नवरा आजारानं मेला. पन मी तुजा नवरा व्हते ना गं? त्याला कुनी मारला?

मग समीक्षाची ती रिलं आली. समीक्षा नवरा, तू बायको. खाली नाव, 'सासू-सुनेची जोडी'. कुनीतरी इचारलं, हे बसवलं कुनी? तू त्या फोनात बघून बोललीस, "आमच्या घरातलंच हाय." मालकिनीनंच मला दाखवलं. म्हनली, "किती गोड ना?" माज्या हातात झाडू व्हता. म्हनलं, व्हय, गोड हाय.

तू म्हनशील, एवडं मनात व्हतं तर तोंडानं बोलली का न्हाईस. बोलले आसते तर तू रडली आसतीस. अन् तू रडाया लागलीस की मला तुला हसवावं लागतं. बावीस वरसांची खोड हाय ती.

तर ऐतवारचं. मगाधरनं हिकडंतिकडं लिवतीय, पन सांगून टाकते. मी सोमवारीच तळेगावला फोन केला. म्हनलं, बायाचा घसा बसलाय, डाक्तरनं बोलाया मना केलंय, मी एकटीच करीन. बायको पुडं बसलेल्या लोकांतनं उटवीन. त्यांनी तुजं नाव काडलं अन् माजं ठेवलं. तू गाडी करून येऊ नको.

तुजा घसा ठनठनीत हाय, मला ठावं हाय. मी खोटं बोलले. अन् बोलताना मला लय बरं वाटलं.

मांडवाभाईर ऱ्हानं कसं आसतं, कळलं आसंल आता.

रतन