अर्ध्या तारेची शेगडी

बेळगाव, ४ डिसेंबर २०२३

ती. आप्पांना समताचा सप्रेम जयभीम.

वि. वि. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. कणकुंबीकडच्या एका वस्तीवर बाळंतिणींसाठी खोली बांधलीय. तान्ह्यांना ऊब द्यायच्या हीटरची क्वाईल मी डिझाईन केली. कारखान्यात छान तापली, तिथे मात्र कोमटच. दिवेलागणीला व्होल्टेज दीडशेवर येतं. तार आखूड केली, तर दुपारी पुरी वीज आल्यावर जळून गेली. तिथल्या सुईण रुक्माबाईंनी बाळाला पोटाशी धरलं आणि यंत्रापेक्षा माझा पदर बरा, असं तोंडावर सांगितलं. लाज वाटली. याच महिन्यात आणखी तीन बाळंतपणं आहेत. निपाणीत तुम्ही असल्याच विजेवर शेगड्या चालवत होता ना?

औषधं चुकवू नका.
तुमची समता

निपाणी, ९ डिसेंबर

चि. समतास आप्पाचे आशीर्वाद.

इंजिनेर होऊन बापाला इचारतीस, बरं वाटलं. तार जाड घे, मधोमध एक टोक बाहेर काढ. वीज कमी झाली की अर्ध्याच तारेला द्यायची, पुरी आली की सगळीला.

स्टँडमागच्या दुकानात मी सायकलच्या स्पोकवर तार गुंडाळायचो. तंबाखूच्या वखारीतनं सुटून आलेली तुझी आई दुसरं टोक धरून क्वाईल ताणायची. तिच्या लुगड्याचा तो वास अजून आठवतोय. साऱ्या निपाणीत मायाप्पाची शेगडी म्हणून नाव झालं. पण खरं सांगतो, ती युक्ती माझी न्हाय. एकदा चहा उकळंना, तवा तुझी आई सोनुबाईच वैतागून म्हणाली, अर्ध्याच तारेला वीज द्या की. मी हसलो, मग करून बघितलं. लोकांनी शाबासकी दिली, ती मी एकट्यानं घेतली. ती शेजारीच उभी असायची, कधी बोलली न्हाय. आता ती न्हाय, तर लई टोचतंय.

जेवत जा वेळेवर. माया हायच.
तुझा आप्पा

बेळगाव, २१ डिसेंबर

ती. आप्पांना सप्रेम जयभीम.

वीज अर्ध्या तारेला की पुऱ्या, हे आपोआप बदलेल असा स्विच बसवला. काल सांजेला वस्तीवर एकीला मुलगी झाली, जेमतेम दोन किलोची. व्होल्टेज पडलं, सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. क्वाईल तापलेलीच राहिली. रुक्माबाईंनी पोरीचे तळवे चाचपले, गरम हायत म्हणाल्या, आणि ही अक्कल कुणाची, असं विचारलं. मी सांगितलं, निपाणीच्या वखारीतल्या सोनुबाईची. माझ्या आईची. तुमचं नाव घेतलं नाही, आप्पा. रागावू नका.

रविवारी तुम्हाला वस्तीवर न्यायला येते. तोवर जिवाला जपा.
तुमची समता